हेड खोलण्याआधी गाडी का तापली ते शोधा

मे महिन्यात परभणीचा पारा ४४ अंशांच्या पुढे गेला की गॅरेजसमोर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या वाढू लागतात. जिंतूर रोडवर भरल्या सिटांनी चाललेली ओम्नी, मानवत-पाथरीच्या रस्त्यावर वाफा सोडत थांबलेली जुनी मारुती ८००, गंगाखेडहून लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघालेली जीप. बहुतेकांच्या वाट्याला एकच निदान येतं : हेड गॅसकेट गेली, इंजिन खोलावं लागेल.

मारुती ८०० आणि ओम्नी यांचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन ज्यांच्याकडे आहे, त्यांना हे काम घरच्या अंगणातही करता येतं. ८०० ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात आली आणि २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती. सुटे भाग अजून तालुक्याच्या गावी मिळतात, इंजिन लहान आहे आणि त्याचं हेड दोन माणसं सहज उचलू शकतात. घाई न करणारा, मोजून काम करणारा माणूस हे नीट पार पाडू शकतो. पण हेडला हात लावण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. गॅसकेट क्वचितच आपणहून जाते, तिला उष्णता घालवते. ती उष्णता कुठून आली हे न शोधता नवी गॅसकेट बसवली, तर महिन्या-दोन महिन्यांत तेच काम पुन्हा करायची वेळ येईल.

गाडी तापण्याची आपल्याकडची कारणं

पहिलं कारण पाणी. आपला जिल्हा बेसॉल्टच्या काळ्या खडकावर वसलेला आहे. खोल बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरेच असतात. पाणी तापलं की हे क्षार वेगळे होऊन सगळ्यात गरम जागी चिकटतात. बादलीत टाकायच्या हिटरच्या रॉडवर जी पांढरी पपडी धरते, तीच हेडच्या आत, एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवतीच्या जलमार्गात धरते. पपडीतून उष्णता नीट बाहेर पडत नाही. काटा मधोमध दिसत असतानाही हेडचा तेवढा भाग आतून भाजत राहतो. वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतणाऱ्यांच्या गाड्या उन्हाळ्यात का थांबतात, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच सापडतं.

दुसरं कारण रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा. कापसाच्या हंगामात मानवत-सेलूच्या बाजाराकडे गाड्यांच्या रांगा लागतात, तेव्हा हवेत रुई उडत असते. ती, रस्त्याची धूळ आणि उसाचं पाचट जाळीच्या पातळ पत्र्यांत बसतं आणि समोरून पाहिलं तर दिसतही नाही. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, साध्या नळीच्या पाण्याने जाळी धुवा. जोराचा प्रेशर मारू नका, पत्रे वाकतात.

तिसरं कारण जुगाड. ‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहते’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. थर्मोस्टॅट नसला की इंजिन नेहमीच्या चालीत पुरेसं तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये ओल साचते आणि तापण्याचं मूळ कारण झाकलं जातं. थर्मोस्टॅट तपासणं अगदी सोपं आहे. पातेल्यातल्या पाण्यात तो दोरीने लटकवा आणि पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि उकळीपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे. नाही उघडला तर बदला.

चौथं कारण रेडिएटरचं टोपण. अनेक गाड्यांच्या टोपणावर ०.९ हा आकडा असतो. तेवढा दाब टोपणाने धरला तर साधं पाणी १०० ऐवजी जवळपास ११८ अंशांला उकळतं. टोपणाचं रबर चिरलं की हा सगळा फायदा जातो. पाण्याचा पंप, पंख्याची मोटर आणि पंखा चालू करणारा स्विच हेही याच वेळी पाहून घ्या.

खरंच गॅसकेट गेली आहे का?

हेड आणि ब्लॉक यांच्यामधली ही पातळ चकती एकाच वेळी तीन गोष्टी अडवून धरते : सिलिंडरमधला जळत्या वायूचा दाब, पाणी आणि ऑइल. ती कुठे फुटली यावर लक्षणं ठरतात. खालच्या तपासण्या थंड इंजिनावर सुरू करा. तापलेल्या रेडिएटरचं टोपण उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर येतं आणि दरवर्षी माणसं भाजतात.

रेडिएटर काठोकाठ भरा, टोपण उघडं ठेवूनच इंजिन चालू करा. आत अडकलेली हवा थोडा वेळ बुडबुडे काढते आणि थांबते. बुडबुडे थांबतच नसतील, रेस दिल्यावर वाढत असतील, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतो आहे. आता इंजिन बंद करा. पूर्ण थंड झालं की टोपण लावा, पुन्हा चालू करा आणि वरचा रबरी पाइप हाताने दाबून पाहा. पाणी तापायच्या आधीच, मिनिटा-दोन मिनिटांत तो दगडासारखा टणक झाला, तर तीच गोष्ट पक्की होते.

ऑइलची काडी काढून पाहा. ऑइल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं झालं असेल तर पाणी आत गेलं आहे. फक्त ऑइल भरायच्या टोपणाखाली थोडी पिवळट साय आली असेल आणि काडीवरचं ऑइल स्वच्छ असेल, तर घाबरू नका. गावातल्या गावात कमी अंतर चालणाऱ्या गाडीत हिवाळ्यात असं होतं. सायलेन्सरच्या पांढऱ्या धुराचंही तसंच आहे. थंडीच्या सकाळी निघणारी वाफ इंजिन तापल्यावर थांबली पाहिजे. ती थांबत नसेल आणि पाणीही कमी होत असेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

शेवटी कॉम्प्रेशन मोजा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखंच पडलं असेल, तर त्या दोघांमधली गॅसकेट फुटल्याची दाट शक्यता. एकाच सिलिंडरचं कमी असेल तर त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष बहुधा रिंगचा आहे. मग नुसती गॅसकेट बदलून भागणार नाही.

घरी करायचं की नाही?

गाडी एकदा-दोनदा तापून लगेच थांबवली असेल, ऑइलमध्ये पाणी फार दिवस फिरलेलं नसेल, तर काम घरी घ्यायला हरकत नाही. दुधाळ ऑइलवर गाडी बरीच चालली असेल आणि खालून ठकठक येत असेल, तर बेअरिंग खराब झाल्या असू शकतात. ते काम वर्कशॉपचं.

नव्या कॉमन रेल डिझेल गाड्यांचं हेड घरी खोलू नका. त्यांच्या डिझेलच्या पाइपांत हजार बारपेक्षा जास्त दाब असतो. शिवाय अनेक डिझेल इंजिनांची गॅसकेट वेगवेगळ्या जाडीत येते. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे डायल गेजने मोजून जाडी ठरवतात आणि ती ओळखायला गॅसकेटच्या कडेला भोकं किंवा खाचा असतात. ट्रॅक्टरवाल्यांनीही हे लक्षात घ्यावं. त्यात लायनर ब्लॉकच्या वर किती आहे तेही मोजावं लागतं. चुकीच्या मापाची गॅसकेट मूळ दुखण्यापेक्षा महागात पडते.

जागा, वेळ आणि हत्यारं

वर पत्रा आणि खाली फरशी असलेली जागा घ्या. उन्हाळ्याच्या वावटळीत किंवा खळ्याच्या शेजारी इंजिन उघडं ठेवू नका. सिलिंडरमध्ये गेलेली चिमूटभर धूळही पिस्टन आणि भिंती घासत राहते. दिवाळीनंतरचे कोरडे, थंड दिवस सगळ्यात चांगले. हेड लेथवर पाठवावं लागेल, म्हणून मध्ये काही दिवस गाडी उभी राहील असं धरूनच सुरुवात करा.

रिंग पाने, गोटी पान्यांचा सेट, पक्कड आणि पेचकस घरी असतीलच. याशिवाय तीन हत्यारं हवीतच : टॉर्क रेंच, फिलर गेज आणि खात्रीची सरळ कड असलेली स्टीलची पट्टी. टॉर्क रेंच नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून मागून आणा, पण अंदाजाने बोल्ट आवळायचा विचार मनातून काढून टाका. तुमच्या गाडीच्या सालाचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. या लेखात आवळण्याचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. कार्बोरेटरची गाडी, इंजेक्शनची गाडी, कंपनीचा बोल्ट, बाजारातली गॅसकेट यांनुसार ते बदलू शकतात. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल शिकलेलं पोरगं गावात असेल तर त्याला सोबतीला घ्या. दुसरी नजर फार उपयोगी पडते.

सामान घेताना फक्त गॅसकेट घेऊ नका. व्हॉल्व्ह कव्हरचं रबर, मॅनिफोल्डच्या गॅसकेट, व्हॉल्व्ह सील, थर्मोस्टॅट, रेडिएटरचं टोपण, टायमिंग बेल्ट, ऑइल, ऑइल फिल्टर आणि कूलंट हे सगळं एकदमच आणा. एकदा इंजिन उघडलं की यांचा वेगळा मजुरीखर्च नसतो.

हेड उतरवताना

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. पाणी पसरट भांड्यात काढून घ्या. त्यात कूलंट असेल तर ते चवीला गोड आणि प्राण्यांना विषारी असतं. कुत्रं, वासरू, कोंबडी कुणीही चाटू शकतं. ते गटारात किंवा गोठ्याजवळ ओतू नका, झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवा.

प्रत्येक पाइप, तार आणि नळी काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या आणि चिकटपट्टीवर नंबर लिहून लावा. इंजिन हाताने फिरवून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी सगळ्यात वर आणा आणि टायमिंगच्या खुणा जुळल्याचा फोटो काढा. डिस्ट्रिब्युटर असेल तर त्याच्या बुडाची जागा आणि रोटरचं तोंड कुठे आहे, दोन्हींवर खूण करा. बेल्ट निघाल्यावर क्रँक किंवा कॅम फिरवू नका.

हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड असतानाच सोडा. बाहेरच्या टोकांपासून मध्याकडे या. एक बोल्ट एकदम पूर्ण सोडू नका. सगळे पाव फेरी, मग अर्धी फेरी असे टप्प्याने ढिले करा. अ‍ॅल्युमिनियमचं हेड एका बाजूने मोकळं आणि दुसऱ्या बाजूने आवळलेलं राहिलं तर वाकतं. एका पुठ्ठ्यावर हेडचा आराखडा काढा, भोकं पाडा आणि बोल्ट त्याच जागी खोचून ठेवा. हेड चिकटून बसलं असेल तर दोन्ही पृष्ठांच्या मध्ये पेचकस घालून उचकटू नका. तिथे पडलेला ओरखडा म्हणजे पुढच्या गळतीची वाट. मॅनिफोल्डची कड धरून हलवा किंवा लाकडी ठोकळ्यावरून हलके ठोके द्या.

जुनी गॅसकेट वाचा

हेड निघालं की लगेच साफसफाईला लागू नका. जुनी गॅसकेट उजेडात धरून नीट पाहा. सिलिंडरभोवतीच्या धातूच्या कड्यावर काळी, काजळीची रेघ दिसेल. ती दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद पट्टीवरून आरपार गेली असेल तर वायू एकीकडून दुसरीकडे जात होता. ती पाण्याच्या भोकाकडे गेली असेल तर रेडिएटरमधल्या बुडबुड्यांचं कारण हातात आलं. मग पिस्टनचे माथे पाहा. दोनांवर काळा कार्बन असेल आणि तिसरा धुतल्यासारखा स्वच्छ, चकचकीत असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जाऊन वाफ होत होती. काजळीची रेघ आणि हा स्वच्छ माथा एकाच ठिकाणी सापडले की दोषाची जागा ठरली. हेडच्या आणि ब्लॉकच्या त्या जागेला खूण करा, तिथे माप जास्त बारकाईने घ्यायचं आहे.

जलमार्गाची भोकंही पाहा. पांढरी किंवा तांबूस पपडी दिसली तर आपल्या बोअरच्या पाण्याने काय केलं हे डोळ्यांनी दिसेल. रेडिएटर आतूनही साफ करून घ्यावा लागेल, हेही कळेल.

सफाई आणि मोजमाप

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सिलिंडरमध्ये आणि ऑइलच्या वाटांवर स्वच्छ फडकी कोंबा. जुन्या गॅसकेटचे तुकडे प्लास्टिकच्या किंवा लाकडाच्या पट्टीने खरवडा. जुन्या गॅसकेटमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं, म्हणून मास्क लावा, भाग ओला करून खरवडा आणि कोरडी घासाघीस टाळा. ग्राइंडरला पॉलिशची चकती लावून पृष्ठ चमकवण्याचा मोह आवरा. अ‍ॅल्युमिनियम त्याने खड्ड्याखड्ड्यांनी झिजतं आणि चकतीची खर ऑइलमध्ये मिसळून बेअरिंग खाते.

बोल्टची भोकं पूर्ण कोरडी करा. आंधळ्या भोकात पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट आवळताना त्याला जायला जागा नसते, आकडा खोटा येतो आणि ब्लॉकला चीरही जाऊ शकते.

आता हेड उलटं ठेवून त्यावर स्टीलची पट्टी कडेवर उभी धरा. सहा रेषांवर पाहा : दोन लांबीच्या, दोन रुंदीच्या, दोन तिरक्या. पट्टीखाली फिलर गेजचं ०.०५ मिमीचं पान सरकतंय का ते बघा. मारुतीच्या या लहान इंजिनांना साधारण एवढीच मर्यादा असते. तुमच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम धरा. ब्लॉकचं पृष्ठही असंच मोजा. मर्यादेपेक्षा जास्त फट असेल तर हेड फेसिंगला पाठवा. परभणीत सोय झाली नाही तर नांदेड फार लांब नाही. तिथेच हेडला दाबाची तपासणी करून घ्या, कारण व्हॉल्व्हच्या सिटांमधली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही आणि चिरलेल्या हेडवर नवी गॅसकेट घालणं म्हणजे पैसे पाण्यात. फेसिंग कमीत कमी करायला सांगा, जेवढं जास्त तासाल तेवढं कॉम्प्रेशन वाढतं.

हेड वर्कशॉपमध्ये गेलंच आहे तर व्हॉल्व्ह बसवून, सीलसकट घ्या. परत आल्यावर हेड उलटं ठेवून खळग्यांत थोडं रॉकेल ओता आणि काही वेळ वाट पाहा. व्हॉल्व्हमधून रॉकेल झिरपत असेल तर काम परत करून मागा.

जोडणी

नवी गॅसकेट ब्लॉकवर ठेवून प्रत्येक भोक जुळतंय का पाहा. काही गॅसकेटवर वरची बाजू लिहिलेली असते. उलटी बसली तर ऑइलची वाट बंद होते आणि वरचा कॅम कोरडा पडतो. पाकिटावर सांगितलं नसेल तर हेड गॅसकेटला सिलिकॉन, शेलॅक किंवा कसलाही लेप लावू नका. ती कोरडीच बसवायची असते.

हेड सरळ खाली ठेवा, गॅसकेटवरून सरकवू नका. बोल्ट स्वच्छ करून, मॅन्युअल सांगत असेल तर आट्यांना ऑइलचा हलका हात लावून, आधी हातानेच बसवा. मग मध्यापासून बाहेरच्या टोकांकडे जात, किमान तीन टप्प्यांत आवळा. टॉर्कचा आकडा बऱ्याच मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला एक किलोचा भार दिल्यावर जी पिळवट येते, तो एक किलोग्रॅम-मीटर, म्हणजे साधारण ९.८ न्यूटन-मीटर. रेंचवर कोणतं एकक आहे ते पाहूनच आकडा लावा. काही इंजिनांचे बोल्ट ताणले जाणारे असतात, ते पुन्हा वापरता येत नाहीत. मॅन्युअल तसं म्हणत असेल तर नवेच घ्या.

टायमिंगच्या खुणा जुळवून बेल्ट बसवा. क्रँक पान्याने, हाताने, दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, थांबून खुणा पुन्हा तपासा. टॅपेटची फट मॅन्युअलप्रमाणे लावा.

पहिल्यांदा चालू करताना

जुनं ऑइल दुधाळ असो वा नसो, नवं ऑइल आणि नवा फिल्टर घालाच. ऑइलमध्ये पाणी गेलेलं असेल तर थोडं चालवून ते ऑइलही काढून टाका. प्लग काढलेले ठेवून काही सेकंद सेल्फ मारा. सिलिंडरमध्ये पाणी उरलं असेल तर ते बाहेर उडेल आणि ऑइल वर पोहोचेल. प्लगच्या भोकांवर तोंड आणू नका.

कूलंट डिस्टिल्ड पाण्यात अर्धं-अर्धं मिसळून, किंवा तयार मिश्रण असेल तर तसंच, हळूहळू भरा. गाडीचं नाक थोडं उंच ठेवलं तर हवा लवकर निघते. हीटर असेल तर तो चालू ठेवा. टोपण उघडं ठेवून इंजिन चालवा, पातळी खाली जाईल तसं भरत राहा, बुडबुडे थांबले की टोपण लावा. पंखा आपोआप लागून बंद होईपर्यंत, तेही दोनदा, गाडीजवळून हलू नका. पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहा. बोल्ट पुन्हा आवळायचे की नाही हे गॅसकेटच्या प्रकारावर ठरतं. जुन्या धाटणीच्या गॅसकेटला ते लागतं, अनेक नव्यांना ते चालत नाही. पाकिटावरची सूचना पाळा.

यापुढे

सुरुवातीचे काही दिवस रोज सकाळी, इंजिन थंड असताना, पाणी आणि ऑइल पाहा. पातळी जागची हलली नाही तर काम जमलं. त्यानंतर रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालणं बंद. बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्याचा एक कॅन आणि कूलंटची बाटली डिकीत कायम ठेवा. रस्त्यात अगदीच नाइलाज झाला आणि हपशाचं पाणी घालावं लागलं, तर घरी आल्यावर ते काढून टाका. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि कापूस वेचणी संपली की जाळी धुवा, टोपण आणि पाइप तपासा.

काटा लाल रेषेकडे निघाला, तर ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ म्हणू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, थंड होऊ द्या. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला चीर जाते. तिथे अर्धा-पाऊण तास मोडला तरी चालेल, कारण तेवढ्या वेळात पुढचं हेड फेसिंग, नवी गॅसकेट आणि कामाचे सगळे दिवस वाचतात.